कोयता टिकेल का? घेण्याआधी आणि घेतल्यावर करायची पारख

बाजारात कोयता घेताना बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात. अंगठा आडवा फिरवून धार बघतात आणि हातात तोलून वजनाचा अंदाज घेतात. धार ही सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांत ग्राइंडरवर आणलेली असते; साध्या लोखंडी पट्टीलाही ती आणता येते. वजन तर डोळे मिटूनही कळतं. कोयता वर्षभर टिकेल की पहिल्याच सुक्या बांबूला धारेचा तुकडा उडेल, हे या दोन्हींतून कळत नाही.

टिकाऊपणा तपासायचा म्हणजे हत्यार कुठे आणि कसं हार मानतं ते बघायचं. कोयत्याचं नुकसान चार प्रकारांनी होतं: धार बोथट होते, धार मुडपते, धारेला खांडे पडतात (म्हणजे तुकडा उडून खाच पडते), किंवा पातं मुठीपाशी मोडतं. पहिले दोन प्रकार बांधावर बसून, निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) दुरुस्त होतात. तिसऱ्याला अर्धा दिवस जातो. चौथ्यात पातं उडून माणसाला लागतं. म्हणून मी ज्याची धार थोडी लवकर बसते, म्हणजे बोथट होते, पण तुटत नाही तो कोयता घेईन. धार महिनाभर टिकते पण कधी तुकडा उडेल सांगता येत नाही, असा घेणार नाही. खाली दिलेली सगळी पारख याच मताने केलेली आहे.

पायरी १: काम कोणतं ते आधी ठरवा

सगळ्या कामांना चालणारा कोयता नसतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि खोडवाही खालून नीट फुटतो. त्यामुळे उसाचा कोयता रोज मातीवर, अधूनमधून दगडावर आपटतो. शिवाय उसाच्या पाल्यात आणि सालीत सिलिका असते, ती धार घासत राहते. शहाळी छाटणाऱ्याच्या कोयत्याला दगड लागत नाही, पण त्याला ओल्या काथ्यातून एका घावात पार जायचं असतं. जळणासाठी सुकी बाभूळ तोडताना सगळा भार आघाताचा. आणि बांबू हा माझ्या मते सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. पेरावर घाव घातला की पातं अडकतं, ते सोडवायला आपण मूठ आडवी हलवतो, आणि धार मुडपते ती घावाने नव्हे, या आडव्या पिरगळण्याने.

याचा संबंध थेट धारेच्या कोनाशी आहे आणि तो कोन बाजारात पट्टीने मोजता येतो. धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथली पात्याची जाडी बघा आणि त्या उताराची रुंदी बघा. दोन्ही बाजूंनी धार असेल आणि उताराची रुंदी जाडीच्या दीडपट असेल, तर प्रत्येक बाजूचा कोन साधारण २० अंश भरतो. रुंदी आणि जाडी सारखीच असेल तर ३० अंश. ऊस आणि शहाळ्याला २० ते २५ अंश ठीक. बाभूळ, बांबू, सुकं लाकूड यांना २५ ते ३०. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन १५ ते २० अंशांचा असतो. तो कोयत्याला दिला तर भाजी मस्त चिरली जाईल, बाकी काही नाही. एका बाजूनेच धार असेल तर हा हिशोब लागू होत नाही. तिथे रुंदी जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त असावी, म्हणजे २५-३० अंश मिळतात.

पायरी २: पोलाद कुठलं ते विचारा

आपल्याकडचे चांगले कोयते बहुधा गाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांतून होतात. हे स्प्रिंगचं पोलाद असतं. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. कार्बनच्या या प्रमाणात पोलाद पुरेसं कडक होतं आणि चिवटही राहतं. हजारो वेळा वाकून परत सरळ व्हावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. याउलट बांधकामाच्या पट्ट्या, अँगल, पत्रा हे मऊ लोखंड. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतच असतो, आणि एवढ्या कार्बनवर कितीही पाणी द्या (म्हणजे लाल तापवून एकदम थंड करा), धार धरण्याइतका कडकपणा येत नाही. सळईला कार्बन थोडा जास्त असतो, पण धारेच्या कामाची तीही नाही.

पाट्यात एक खोट असते. गाडीखाली वर्षानुवर्षं वाकून त्यात बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, विशेषतः बोल्टच्या भोकाजवळ. चांगला लोहार तो भाग कापून टाकतो. पात्यावर कुठे जुन्या भोकाची गोल खूण किंवा बुजवलेला ठिपका दिसला तर तो कोयता खाली ठेवा.

"पाट्याचा आहे" असं प्रत्येक विक्रेता सांगतो. खात्री करायची असेल तर लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरला पाठीचा कोपरा क्षणभर लावून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या, टोकाला फारसं फुटणं नाही. पाट्याच्या ठिणग्या आखूड आणि टोकाला फांद्या फुटाव्यात तशा तडतडणाऱ्या. शेजारी सळईचा तुकडा घासून तुलना केली की फरक नवख्यालाही दिसतो. ठिणगी पाठीवर काढायची, धारेवर नाही.

पायरी ३: बाजारात हातात घेऊन बघायच्या गोष्टी

पातं डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे नजर टाका. पाठीची रेघ आणि धारेची रेघ दोन्ही सरळ हव्यात (मुद्दाम दिलेला बाक सोडून). पाणी देताना पातं पिळवटतं. घाईतला लोहार ते तसंच सोडतो. पिळवटलेल्या पात्याचा प्रत्येक घाव थोडा तिरका बसतो आणि धारेवर आडवा भार येतो.

मग मुठीजवळ दोन बोटांत पातं लोंबतं धरून पाठीवर नाण्याने टिचकी मारा. अखंड पातं खणखणतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. भेग असली तर आवाज बद्द येतो. मूठ सैल असली तरीही बद्द येतो, म्हणून या परीक्षेत नापास झालेला कोयता दोन्ही कारणांनी नको.

आता धारेचा रंग. ग्राइंडरवर जोर देऊन धार काढली की कडा तापते. पोलाद तापत गेलं की त्यावर रंग चढतात: २३० अंश सेल्सिअसच्या आसपास फिका पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या पुढे निळा. पाणी दिल्यानंतर लोहार हेच रंग बघून कडकपणा थोडा उतरवतो, ते योग्यच आहे. पण तयार कोयत्याच्या अगदी कडेवर, तुटक तुटक निळे डाग असतील तर तिथे धारेचं पाणी उतरलं आहे. ते डाग पॉलिशने काढून टाकता येतात. उतरलेला कडकपणा परत येत नाही. काळा रंग किंवा वॉर्निश फासलेला चकचकीत कोयता दिसला की मी थोडा खरवडून बघतो. रंग गंज थांबवायला लावलेला असतो हे खरं, पण खालचं वेल्डिंगही त्यानेच झाकलं जातं.

कानस ही सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे आणि ती करू न देणाऱ्याकडून कोयता घेऊ नये. बारीक दातांची, चांगल्या अवस्थेतली कानस खिशात घेऊन जा. आधी पाठीवर दोन हात मारा, मग धारेजवळ. वरचा काळा थर मऊ असतो, तो पहिल्या एकदोन हातांत निघून जाऊ द्या आणि मग हाताला काय जाणवतं ते बघा. धारेजवळ कानस पाठीइतकीच सहज खात असेल तर पाणी दिलेलंच नाही. कानस काचेवरून घसरावी तशी घसरून गेली तर धार फार कडक आहे. कानस स्वतः रॉकवेलच्या सी मापावर (कडकपणा मोजायचं माप) साठीच्या पुढे असते, म्हणजे धारही त्या घरात गेली. सुरीला ते चालेल, कोयत्याला ठिसूळ ठरेल. कोयत्याला ५० ते ५५ च्या दरम्यानचा कडकपणा हवा. तिथे कानस खाते, पण हाताला विरोध जाणवतो, आवाज बारीक येतो आणि कीस कमी पडतो.

हीच कानस धारेपासून वर, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर लावत जा. कडकपणा किती वरपर्यंत आहे ते कळेल. दीडदोन सेंटिमीटरची पट्टी कडक आणि वर मऊ, हे उत्तम. चारपाच मिलीमीटरच कडक असेल तर दोन हंगाम पाजवल्यावर तो कोयता संपला.

पायरी ४: शक्य असेल तर भट्टीवर जा

तयार माल पारखण्यापेक्षा होताना बघणं सोपं. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी, किंवा गावातला लोहार, समोर बसून कोयता करून देतात. तिथे तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

पहिली, तापवण्याची. पातं लालभडक झालं की ऐरणीवर येतं, घण पडतात, थंड होत काळपटलं की परत भट्टीत. काळपट झाल्यावरही ठोकत राहिलं तर आत भेगा पडतात. उलट, पांढुरकं होऊन ठिणग्या उडेपर्यंत तापवलं तर पोलाद जळलं. ते पुन्हा सुधारत नाही. पाणी देताना लाल-केशरी रंग पुरे. लोहचुंबक जवळ असेल तर आणखी सोपं: साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, पाणी देण्याची उष्णता त्याच्या थोडी वर असते. जास्त तापवून पाणी दिलं की आतले कण मोठे होतात. असा कोयता मोडला तर मोडलेली बाजू साखरेच्या दाण्यांसारखी चकाकते. चांगल्या पोलादाची मोड राखाडी आणि मऊशार दिसते. लोहाराकडे मोडके तुकडे पडलेलेच असतात. त्यातला त्याच्या स्वतःच्या हातचा एखादा तुकडा उचलून मोड बघितली तर त्याचा हात कसा आहे ते कळतं.

दुसरी गोष्ट, पाणी कशात देतो. "काका, पाणी कशात देता?" हा प्रश्न जरूर विचारा. पाट्याच्या पोलादाला तेल बरं. साध्या पाण्यात ते इतक्या वेगाने थंड होतं की तडकण्याचा धोका असतो. तरी बरेच लोहार पाण्यातच देतात आणि फक्त धारेची कड एकदोन क्षण बुडवून बाहेर काढतात, पाठीची ऊब धारेकडे परत येऊ देतात, रंग चढला की पुन्हा बुडवतात. हे नीट जमलेलं असेल तर धार कडक, पाठ चिवट असा कोयता तयार होतो. जो लोहार अख्खं पातं भसकन बादलीत टाकून तसंच ग्राइंडरवर नेतो, त्याचा कोयता काचेसारखा वागेल. कडक केल्यानंतर पुन्हा थोडं तापवणं, हीच पायरी लोक घाईत गाळतात आणि खांडे पडण्याचं मोठं कारण तेच.

तिसरी, मुठीत जाणारी शेपटी. ती पात्याच्याच तुकड्यातून ओढून काढलेली हवी. वेगळी सळई वेल्ड केलेली नको.

पायरी ५: मूठ आणि सांधा

मोडायचंच असेल तर कोयता बहुतेक वेळा मुठीपाशी मोडतो. पातं रुंद, शेपटी अरुंद. दोन्ही मिळतात तिथे काटकोनी कोपरा असेल तर प्रत्येक घावाचा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो आणि भेग तिथून सुरू होते. हा कोपरा गोलाई दिलेला हवा. बोटाचं नख आतल्या बाजूने फिरवा: नख अडकलं तर कोपरा आहे, सरकत गेलं तर गोलाई आहे.

शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवलेली असेल तर उत्तम. अर्ध्यातच संपणारी शेपटी लाख किंवा राळ ओतून बसवलेली असते. खुरप्याला ती ठीक, कोयत्याला नाही. मुठीच्या तोंडावर शेंबी (धातूचं कडं) हवीच, आणि ती बोटांनी फिरता कामा नये. शेंबी नसलेली मूठ आघाताने उभी चिरते.

लाकूड बाभळीचं किंवा शिसवाचं असेल तर चांगलं. लाकडाचे उभे तंतू मुठीच्या लांबीने जायला हवेत. तिरके गेले असतील तर मूठ त्याच रेषेत फुटेल. रंगवलेल्या मुठीवर हे दिसत नाही, म्हणून बिनरंगाची मूठ मागा. लोखंडी नळीची मूठ तुटत नाही हे खरं, पण सगळा हादरा मनगटात येतो आणि घामात हात सटकतो. दिवसभराच्या कामाला मी ती घेणार नाही.

उन्हाळ्यात मूठ सैल झाली की लोक कोयता रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी घट्ट लागते. पण फुगलेले तंतू आतल्या लोखंडावर दाबून चेपतात, आणि सुकल्यावर मूठ आधीपेक्षा सैल होते, वर शेपटीला गंज. त्यापेक्षा अळशीचं तेल दोनतीनदा पाजा, आणि तरी हलत असेल तर पाचर ठोका.

पायरी ६: घरी आणल्यावरची चाचणी

डोळ्यांना गॉगल, पायात बूट, समोर आणि बाजूला कोणी उभं नाही, एवढं झाल्यावरच सुरुवात करा. धार स्वतः पाजवून घ्या, म्हणजे दुकानाची कड निघून जाईल आणि खरी धार वर येईल.

सुरुवात सुंभाने. काथ्याची जाड दोरी लाकडावर ठेवून दाबून कापत राहा. काथ्या धारेला खूप घासतो. दोरी एका दाबात तुटायची बंद होऊन करवतावी लागेपर्यंत किती काप झाले ते लक्षात ठेवा. हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. जुन्या, विश्वासातल्या कोयत्यालाही तीच दोरी द्या आणि दोघांचे आकडे ताडून बघा.

नंतर सुकी बाभूळ. मनगटाएवढ्या फांदीवर वीसपंचवीस घाव, आधी हलके, मग नेहमीच्या जोराचे. मग सुक्या बांबूचं पेर. प्रत्येक टप्प्यानंतर धार दिव्याखाली आडवी धरा. तीक्ष्ण कडेवरून उजेड परावर्तित होत नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार बसली किंवा मुडपली आहे. मुडपली असेल तर नख एका बाजूने हळूच वरून खाली ओढल्यावर अडकतं, दुसऱ्या बाजूने अडकत नाही. खांडा असेल तर कडेच्या रेषेतच खाच दिसते. बांबूच्या पेरावर जराशी मुडप आली तर काळजी नको, निसण्याने सरळ होते. खांडा पडला आणि तो मिलीमीटरभर खोल असेल, तर कोयता परत न्या.

कोन बारीक असलेल्या कोयतीला आणखी एक चाचणी करता येते. सहा मिलीमीटरची पितळी सळई शिकंज्यात आडवी धरा, धार पाजवायच्या कोनात तिच्यावर टेकवा आणि दाबत ओढा. कड किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर बसलंय. वाकून तशीच राहिली तर मऊ. तुकडा निघाला तर ठिसूळ. जाड कोनाच्या कोयत्यावर हे वाकणं डोळ्याला दिसत नाही, तिथे ही चाचणी करून उगीच गैरसमज करून घेऊ नका.

अमेरिकेत अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही लोहारांची संस्था आहे. तिथे परीक्षेला बसणाऱ्याला स्वतः घडवलेल्या एकाच सुरीने लोंबती दोरी एका घावात कापावी लागते, मग इमारती लाकूड दोनदा आरपार तोडावं लागतं, त्यानंतरही त्याच धारेने केस निघावे लागतात, आणि शेवटी ती सुरी शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवतात. मोडली तर नापास. त्यात ती सुरी कामातून जाते, म्हणून घरी हे करायचं नाही. पण परीक्षेचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तोडल्यानंतर धार तपासायची, आधी नाही.

कशावर विश्वास ठेवू नये

विक्रेता खिळा तोडून दाखवतो, लोक माना डोलावतात. खिळा मऊ लोखंडाचा असतो. पाणी दिलेलं कुठलंही जाड पातं तो तोडतं. खिळा तोडल्यावर त्याच जागी धारेला काय झालं ते बघू दिलं, तर मात्र त्या दाखवण्याला अर्थ आहे.

कागद कापणं, हातावरचे केस काढणं यातून कळतं ते फक्त पाजवणाऱ्याचं कसब. पातं हाताने वाकतंय म्हणजे "स्प्रिंग आहे", हाही गैरसमज. पातं किती सहज वाकतं हे जवळजवळ पूर्णपणे जाडीवर ठरतं. पाणी दिलेलं आणि न दिलेलं पोलाद सारख्याच जोराने तितकंच वाकतं. फरक सोडल्यावर दिसतो. पाणी दिलेलं सरळ होतं, न दिलेलं वाकडं राहतं.

स्टेनलेसचे, जंगलसफारीच्या जाहिरातींतले, काळ्या लेपाचे कोयते आता ऑनलाइन भरपूर मिळतात. काही चांगले असतातही. पण धारेच्या पोलादाचा प्रकार आणि कडकपणा लिहिलेला नसेल, तर त्या किमतीत समोर बसून करून घेतलेले एकाहून जास्त कोयते येतील.

पुढच्या वर्षभरात काय बघायचं

चिकाने, उसाच्या रसाने, शहाळ्याच्या पाण्याने पोलाद एका रात्रीत गंजतं. धारेवर गंज चढला की ती न वापरताही बोथट होते. काम झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात, एवढंच पुरे. गोणपाटात गुंडाळून ओलं ठेवू नका.

पाजवताना धार दरवेळी किती लवकर बसते याकडे लक्ष असू द्या. जो कोयता चार महिने चांगला चालला आणि मग अचानक रोज पाजवावा लागायला लागला, त्याची कडक पट्टी संपली. कानस लावून खात्री करा. अशा वेळी तो फेकायचा नाही. लोहाराकडून शेवटून आणायचा, म्हणजे कड ठोकून पातळ करून पुन्हा पाणी द्यायचं. पाट्याचं पोलाद हे बऱ्याच वेळा सोसतं.

नेताना तो टोकासकट गुंडाळून न्या. शेतीच्या अवजाराला परवाना लागत नाही, पण शहरात कोयत्याचं नाव इतकं खराब झालंय की उघडा कोयता घेऊन फिरणाऱ्याला पोलिसांनी हटकलं तर त्यांना दोष देता येणार नाही.

हंगामात एकदा शेंबीपाशी पातं स्वच्छ घासा, रॉकेलचं बोट फिरवा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर काळी रेघ होऊन उमटतं. केसाएवढी जरी रेघ दिसली तरी त्या दिवसापासून तो कोयता चालवू नका, आणि वेल्डही करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि मोड दोन बोटं पुढे सरकते, एवढंच. पातं चांगलं असेल तर भेगेचा भाग कापून लोहार त्यातून एखादं खुरपं नाहीतर लहान कोयती काढून देतो.